खोलीभाड्याचा प्रश्न
(रामदासपेठ, नागपूर येथील भाषण)

वरोऱ्याकडील शेतमजुराच्या मुलीने नागपूरला यावे की गावाजवळच शिकावे, हा प्रश्न गुणवत्तेचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो खोलीभाड्याचा आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे ग्रंथालय याच रामदासपेठेत आहे. पण त्याच्या दारापर्यंत येण्यासाठी आधी या शहरात राहावे लागते. २०२४ साली शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ केले. खाणावळ आणि बुडालेली मजुरी मात्र माफ झाली नाही.

लहान महाविद्यालय म्हणजे दुय्यम, हा शहरी अहंकार आहे. वरोऱ्याचे आनंद निकेतन महाविद्यालय १९६४ साली आनंदवनात उभे राहिले. ज्या कुष्ठरुग्णांना समाजाने वेशीबाहेर काढले, त्यांच्याच श्रमांवर त्या समाजाची धडधाकट मुले शिकली! तथापि, केवळ अशा अभिमानावर वर्ग चालत नाहीत. अध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर भागवायचे आणि मुलीला ‘इथेच शीक’ म्हणायचे, ही फसवणूक होय. तालुक्याला पूर्णवेळ अध्यापक आणि नागपुरात वसतिगृहाची खाट, या दोन्ही मागण्या एकाच निवेदनात गेल्या पाहिजेत. एकीच्या बदल्यात दुसरी सोडून चालणार नाही.