हाताला विद्या हवी
(महोत्सवप्रसंगीं धर्मग्रामांतील पालकांपुढें केलेलें भाषण)



या आनंदाच्या दिवशीं आम्ही एका धंद्याविषयीं बोलणार आहों, आणि त्याबरोबर आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयींही.

आपल्या वसईंत पूर्वीं शेतीवाडी हा घरोघरचा आधार होता. आज आपले तरुण निरनिराळे धंदे शोधीत आहेत. हवा थंड करणाऱ्या यंत्रांची, म्हणजे एसीची, जोडणी व दुरुस्ती हा त्यांपैकीं एक होय.

कांहीं वर्षांपूर्वीं एक विधवा माउली आमच्याकडे आली. मुलगा नुकताच दहावी उत्तीर्ण झाला होता. आयटीआयमध्यें या विद्येचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. उलट एक ठेकेदार त्यास दुसऱ्याच दिवसापासून रोजंदारीवर घेण्यास तयार होता. "फादर, काय करूं?" असें तिनें विचारिलें. घरची अडचण पाहून आम्हीं म्हटलें, "चार पैसे घरांत येऊं द्या. काम पाहतां पाहतां शिकेल."

आठ महिन्यांनीं विजेचा धक्का बसून तो शिडीवरून पडला व त्याचें मनगट मोडलें. विशेष हें कीं, त्यानें वीज बंद केली होती. परंतु यंत्रांतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरही विद्युद्भार धरून राहूं शकतो. तो रीतसर उतरविल्यावांचून त्यास हात लावावयाचा नसतो. हें त्याला कोणीं सांगितलें नव्हतें. नुसतें पाहून शिकणाऱ्यास जें दिसतें तेवढेंच कळतें. आणि या धंद्यांत जें दिसत नाहीं तेंच जिवावर बेततें.

रीतसर शिक्षणांत प्रथम विजेचीं मूलतत्त्वें येतात: दाब, प्रवाह, अर्थिंग, मीटरचा वापर. मग यंत्राचें चक्र समजावितात. कॉम्प्रेसर वायूस दाबतो. बाहेरच्या नळ्यांत उष्णता टाकून तो द्रव होतो. अरुंद वाटेनें जातांना त्याचा दाब उतरतो. आणि आंतल्या नळ्यांत खोलीची उष्णता शोषून तो पुन्हा वायू बनतो. चक्र बंद असल्यामुळें वायू आपोआप संपत नाहीं. तो कमी झाला तर गळती शोधली पाहिजे. हें जाणणारा कारागीर प्रत्येक बिघाडावर "गॅस भरावा लागेल" असें सांगून गिऱ्हाइकास फसविणार नाहीं. गळती तपासण्यास नायट्रोजन भरतात, प्राणवायू कदापि नाहीं. कारण तेलाशीं त्याची गांठ पडली तर स्फोट होतो.

शिवाय वायूही बदलत आहेत. ओझोनच्या थरास अपाय करणारे वायू १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वयें मागें पडत गेले. आतां कित्येक यंत्रांत आर-३२ असतो, कांहींत प्रोपेनही. आणि हे दोन्ही पेट घेणारे आहेत. अर्धवट माहितीचा हात येथें घर जाळूं शकेल.

तो मुलगा बरा झाल्यावर आयटीआयमध्यें दाखल झाला. धर्मग्रामांतील कांहीं कुटुंबांनीं मिळून त्या घरास दोन वर्षें हातभार लाविला. आज तो कसबी कारागीर आहे, आणि हाताखालीं येणाऱ्या प्रत्येक मुलास पहिल्या दिवशीं कपॅसिटर कसा उतरवावा हेंच दाखवितो.

पालकहो, उपाशी असला तरी शहाणा शेतकरी बियाणें दळून खात नाहीं. मुलाचीं शिकण्याचीं वर्षें हें त्याचें बियाणें आहे, आणि मुलीचेंही. हा अभ्यासक्रम तिलाही खुला आहे. पुढें १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणें उमेदवारी मिळाल्यास शिकतांनाच विद्यावेतनही मिळतें. मधलीं दोन वर्षें कशीं काढावीं, एवढाच प्रश्न उरतो. त्या माउलीस त्या दिवशीं सल्ल्यापेक्षां आधाराची गरज होती, आणि आम्हीं तिला नुसता सल्ला दिला.

म्हणून आमची विनंती आहे कीं, या महोत्सवाच्या निधींतून जें उरेल तें अशा घरांसाठीं राखून ठेवावें. पुन्हा एखादी आई तोच प्रश्न घेऊन आली, तर आम्हांस निराळें उत्तर देतां यावें. देव आपणां सर्वांचें कल्याण करो.