नदीचा पैसा नदीकाठी ठरतो तेव्हा



आजचा विषय अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यातला आहे. सिअ‍ॅटल, रेडमंड, बेलव्ह्यू ही नावं तुम्हाला परकी नाहीत. तुमच्यापैकी कुणाची मुलं, कुणाची भाचरं संगणकाच्या नोकरीसाठी तिथे राहत असतील. तिथल्या भरवस्तीतून वाहणाऱ्या ओढ्यांतही पाऊस सुरू झाला की समुद्रातून सॅमन मासे चढून येतात. निसर्गात वाढणाऱ्या या माशाला वाचवण्यासाठी तिथे सरकारी अनुदान कसं वाटलं जातं, याबद्दल मी बोलणार आहे. रकमेपेक्षा ती वाटण्याची रीत मला मोलाची वाटते.

आधी माशाची गरज समजून घेऊ. मादी ओढ्याच्या तळातल्या खडीत शेपटीनं खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरच्या अंगाची खडी उकरून ती झाकते. पाणी त्या खडीतून खेळतं राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो; गाळ बसला की ती गुदमरतात. पुढे पिल्लांना थंड पाणी हवं, लपायला डोह हवा, खाडीत थोडं थांबून अंगानं भरायला जागा हवी आणि समुद्रापर्यंत मोकळी वाट हवी. म्हणजे डोंगरातला जंगलमालक, मधला शेतकरी, खालची नगरपालिका आणि रस्तेबांधणी खातं या सगळ्यांच्या हद्दीतून माशाचा संसार जातो. एका खात्याला तो सांभाळता येणार नाही.

१९९९ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीच्या परिसरातला चिनूक सॅमन केंद्राच्या कायद्याखाली धोक्यातली जात ठरला. त्याच वर्षी राज्यानं सॅमन पुनरुज्जीवन निधी मंडळ स्थापन केलं. २००० साली अमेरिकी काँग्रेसनं पॅसिफिक किनाऱ्यासाठी वेगळा निधी सुरू केला. मंडळात मताचा अधिकार राज्यपालांनी नेमलेल्या पाच नागरिकांना आहे. खात्यांचे प्रमुख बसतात, पण मत देत नाहीत. प्रकल्पांची यादीही राजधानीत तयार होत नाही. राज्यात पाणलोटनिहाय २५ स्थानिक संस्था आहेत. प्रत्येकीकडे एक नागरिकांची समिती आणि एक जाणकारांची. कोणता बांध मागे घ्यायचा, कोणती जमीन विकत घ्यायची, कोणत्या ओढ्याला आधी हात लावायचा, याचा क्रम तिथे लागतो. मग राज्याचे तज्ज्ञ जागेवर येतात, आराखडा तपासतात आणि यातून माशाला खरोखर काय मिळणार, असं विचारतात.

साधारणपणे खर्चाचा १५ टक्के वाटा प्रकल्प करणाऱ्यानं उभा करायचा असतो. आपल्या पाणीयोजनांतला लोकवाटा तुम्हाला आठवेल. तिथेही श्रमदान किंवा दान दिलेली जमीन त्यात धरता येते. त्यामुळे काठावर झाडं लावायला आलेल्या माणसाच्या तासांचीही हिशेबात नोंद होते.

आता एक मोरी डोळ्यांसमोर आणा. जंगलातल्या रस्त्याखाली जुना पत्र्याचा गोल नळ आहे. ओढा रुंद, नळ अरुंद, म्हणून आत पाणी जोरात धावतं आणि गुळगुळीत तळावर माशाला विसाव्याला आडोसा नाही. वर्षानुवर्षं त्या धारेनं नळाच्या तोंडाखालची माती खणली गेली आणि तोंड अधांतरी राहिलं. पाण्याच्या पातळीत वीतभर फरक पडला, तरी पाहणीत तो अडथळा म्हणून नोंदला जातो. वर कित्येक मैल उत्तम ओढा असतो, पण मासा खालच्या डबक्यात उड्या मारत राहतो.

या मोऱ्यांमागे मोठा इतिहास आहे. १८५४-५५ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या तहांत आदिवासी जमातींनी जमिनी दिल्या, पण नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे तोच हक्क बजावताना निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना पुन्हा पुन्हा अटक झाली. १९७४ मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा तहातल्या जमातींचा, असा निकाल दिला. पण ओढ्यात मासाच उरला नाही तर निम्म्या वाट्याला अर्थ काय? २००१ मध्ये २१ जमाती राज्याच्या रस्त्यांखालच्या मोऱ्यांवरून न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये त्या मोऱ्या बदलण्याचा आदेश झाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार मतं पडून तो कायम राहिला. मुदत २०३० ची आहे, खर्च अब्जावधी डॉलरांचा.

पण आदेश फक्त राज्याच्या मोऱ्यांना लागू आहे. त्याच ओढ्यावर पुढे जिल्ह्याची मोरी असते, त्याहून वर एखाद्या छोट्या जंगलमालकाची. ती बंद राहिली तर खालचे कोट्यवधी डॉलर वाया जातात. अनुदानाची खरी गरज इथे आहे. लहान जंगलमालकांसाठी २००३ पासून वेगळी योजना आहे. खर्चाचा मोठा भाग राज्य उचलतं आणि मालकावर बालंट येत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. ज्याच्या जमिनीतून ओढा जातो त्याला आरोपी केलं, तर तो फाटक बंद करतो.

ओंडक्यांची गोष्टही सांगायला हवी. विसाव्या शतकात अनेक दशकं मत्स्यखात्यांनीच ओढ्यांत पडलेली झाडं काढून टाकली. माशांची वाट मोकळी होईल अशी समजूत होती. ती झाडं गेली आणि पाणी सरळ धावू लागलं, खडी वाहून गेली, डोह बुजले. आज अनुदानाचा बराच पैसा मुळांसकट ओंडके पुन्हा नदीत रोवण्यावर जातो. ओंडक्याशी पाणी अडतं, वळतं, तळ खणतं. त्या डोहात पिल्लं थांबतात.

या पद्धतीची दुबळी बाजू मला सांगितलीच पाहिजे. पैसा बहुधा प्रतिपूर्तीनं मिळतो: आधी खर्च करा, मग बिल पाठवा. गाठीशी रक्कम नसलेल्या लहान संस्थेची यात फार ओढाताण होते. शिवाय राज्याचं अंदाजपत्रक दोन वर्षांचं असतं, चिनूक मात्र समुद्रातून परतायला तीन ते पाच वर्षं घेतो आणि लावलेल्या झाडाची सावली ओढ्यावर पडायला त्याहून कितीतरी अधिक काळ जातो. खोदकामाला निधी मिळतो, फीतही कापली जाते. रोपांभोवतीचं काटेरी तण काढायला आणि मासे मोजायला मात्र पैसा मागत फिरावं लागतं. हूड कॅनॉल या खाडीतल्या उन्हाळी चम सॅमनसारखी उमेद वाढवणारी उदाहरणं आहेत, तरी प्युजेट साउंडचा चिनूक अजून धोक्याच्या यादीतच आहे.

आणि एक काम या अनुदानाच्या आवाक्याबाहेरचं आहे. शहरातल्या दुरुस्त केलेल्या ओढ्यांतही पहिल्या मोठ्या पावसानंतर कोहो सॅमनच्या माद्या पोटात अंडी तशीच असताना मरत होत्या. २०२० च्या अखेरीस संशोधकांनी कारण प्रसिद्ध केलं. टायरचं रबर टिकावं म्हणून घातलेल्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन जे द्रव्य तयार होतं, ते रस्त्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतं. तेच पाणी माती आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं की मासे जगतात, हेही प्रयोगांत दिसलं आहे. हे गाळण-खड्डे रस्त्याच्या कडेला हवेत. त्यांचा खर्च माशाच्या तुटपुंज्या निधीवर न टाकता रस्त्याच्या आणि टायरधंद्याच्या हिशेबात धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर पाणलोट समितीला यादी लावताना मोरी आणि गाळण-खड्डा यांतलं एकच निवडावं लागेल, आणि कोहोला तर दोन्ही हवेत.