रुळांच्या वाटेवरची शोधसहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या बाईने उंच इमारतींचे व मोठ्या दुकानांचे वर्णन करावे, अशी एक रीतच पडून गेली आहे. त्या गोष्टी आता आपणां सर्वांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. म्हणून चिटणीसबाईंच्या आज्ञेवरून आज मी एका लहानशा सहलीविषयी बोलणार आहे. लेकीकडे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेले असता तिच्या शेजारणींबरोबर मी ही सहल केली. आम्ही सातजणी होतो. धाकटी ३४ वर्षांची, थोरली ७१ वर्षांची, आणि तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्षच झालेले. तरीही आम्ही सायकलवरून अकरा-बारा मैलांची वाट सहज पार केली. हे कसे जमले, ते सांगते.

आम्ही गेलो ती वाट पूर्वी आगगाडीची होती. एलरॉय आणि स्पार्टा या दोन गावांमध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीची गाडी धावत असे. हा मार्ग १८७३ साली पुरा झाला. पुढे मोटारी आल्या, सडका झाल्या, गाडीला उतारू व माल मिळेनासा झाला आणि १९६४ साली ती बंद पडली. रूळ उखडले म्हणजे खालच्या जमिनीचे तुकडे होऊन ती ज्याच्या त्याच्या शेतात जाते, आणि मधला एक तुकडा गेला की सबंध वाट मोडते. येथे तसे होऊ दिले नाही. १९६५ साली राज्य सरकारने ती पट्टी सलग विकत घेतली आणि १९६७ साली सायकलींसाठी खुली केली. रुळांच्या जागी चुनखडीचा बारीक चुरा दाबून बसवला आहे. लांबी ३२ मैल. अमेरिकेत आज अशा वाटा पुष्कळ आहेत. त्यांच्या अगदी आरंभीच्या वाटांत हिची गणना होते.

आता या वाटेचे मर्म ऐका. आगगाडीला उभा चढ चढवत नाही. आपल्या खंडाळ्याच्या घाटात चढ अतिशय कडक म्हणतात, तोही ३७ फुटांना एक फूट इतकाच. आणि तेवढ्यासाठीसुद्धा गाडीला मागून इंजिने लावावी लागतात. म्हणून रेल्वेचे इंजिनिअर डोंगराला वळसा घालतात, भराव घालतात, बोगदे खणतात. त्यांनी हे केले ते इंजिनासाठी. दीडशे वर्षांनी त्याचा लाभ झाला तो आमच्या गुडघ्यांना!

आता शोधाविषयी. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. यातला ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे हो, तर लपवून ठेवलेला साठा. आकाशात सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे मार्गदर्शक उपग्रह फिरत असतात. त्यांतील निदान चार उपग्रहांचे संदेश पकडून आपला फोन आपण कोठे उभे आहोत ते सांगतो. पूर्वी सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. २ मे २००० रोजी ती काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले आणि ‘शोधा पाहू’ असे आव्हान दिले. त्या बादलीत इतर वस्तूंबरोबर घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबाही होता म्हणे! त्यातून हा खेळ जगभर पसरला.

नियम सोपे आहेत. डबी पुरायची नाही; जमिनीच्या मालकाची परवानगी घ्यायची; आत खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही. सापडली की आतल्या कागदावर नाव व तारीख लिहायची. एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची ठेवायची. मग डबी होती तशी परत लपवायची, कारण ती आपल्यामागून येणाऱ्यासाठी असते.

नॉरवॉक गावाहून आम्ही निघालो. आमच्या म्होरक्या बाईंनी एकच शिस्त घातली होती: सर्वांत सावकाश चालवणारीने पुढे राहायचे, म्हणजे कोणी मागे पडत नाही. संसारातही हा नियम असता तर किती बरे झाले असते!

वाटेत मोठा बोगदा लागला. या मार्गावर तीन बोगदे आहेत. हा सर्वांत लांब, सुमारे पाऊण मैलाचा. आत दिवा नाही. सायकलवरून उतरून, हाती विजेरी घेऊन चालावे लागते. वरून झऱ्याचे पाणी ठिबकत होते. बाहेर उन्हाळा, आणि आत आम्ही स्वेटर घालून कुडकुडत! बोगद्याच्या तोंडाशी प्रचंड दरवाजे आहेत. हिवाळ्यात पाणी गोठून दगड फुटू नयेत म्हणून ते लावून घेत. गाडी आली की पहारेकऱ्याने ते उघडायचे, गेली की पुन्हा लावायचे. बर्फाच्या रात्री हे काम करणाऱ्या त्या माणसाची मला फार आठवण येत राहिली. आत फोन मुका झाला, कारण डोंगराखाली उपग्रहाचा संदेश पोचत नाही. पुढचीचा दिवा आणि मागचीचा आवाज, एवढाच तेथे आधार. शेवटी पैशाएवढा प्रकाश दिसला तेव्हा आम्ही सगळ्या एकदम बोलू लागलो.

बोगद्यापलीकडे उतार. फोनने एका झाडाजवळ आणून सोडले. पण तो काही पावलांपर्यंतच अचूक असतो, पुढे आपले डोळे. सगळ्या झुडपे चाळीत होत्या. मी मनात म्हटले, पोरांपासून लाडवांचा डबा आपण कोठे ठेवीत असू? जेथे सर्वांची नजर जाते पण हात जात नाही, तेथे! बुंध्याच्या ढोलीत, सालीच्या तुकड्याआड, डबी होती. त्यात एक रबराचे बदक, दोन मणी आणि नावांचा कागद. मी त्यावर मराठीत सही केली.

स्पार्टा येथे एक संग्रहालय आहे, अंतराळवीर डीक स्लेटन यांच्या नावाचे. ते तेथलेच. १९७५ साली अपोलो-सोयूझ मोहिमेत त्यांनी अंतराळप्रवास केला. त्या संग्रहालयात अंतराळाच्या वस्तूंशेजारी सायकली मांडल्या आहेत. उपग्रहाच्या बोटाला धरून सायकलवर आलेल्या आम्हांला ही जोडी अगदी शोभून दिसली.

कोणी म्हणेल, बदकासाठी एवढा खटाटोप कशाला? भगिनींनो, बाई घराबाहेर पडते ती कामासाठी: भाजी, दवाखाना, कुणाचे लग्न. नुसती मौज म्हणून निघायचे तर आपल्यालाच ओशाळे वाटते. आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होते. मंगळागौर, नागपंचमीचा झोका, हळदीकुंकू ही सारी बाहेर पडण्याची, हसण्याखेळण्याची निमित्तेच होती. ती डबी म्हणजे असेच एक निमित्त. आमच्या थोरल्या मैत्रिणीने सांगितले की, डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हटले तेव्हा ती चालली नाही. शेजारणीने ‘डबी शोधायला चल’ म्हटले तेव्हा निघाली.

आपल्या गावाजवळ अशी वाट नाही. चालू रुळांच्या आसपास तर पाऊलही टाकू नये. परंतु नदीकाठचा रस्ता आहे, शाळेचे आवार आहे, देवळामागची आमराई आहे. मालकाची परवानगी काढून, पोलीस चौकीत कळवून, पारदर्शक डब्या ठेवाव्या. वर मंडळाचे नाव ठळक लिहावे, म्हणजे बेवारशी वस्तू म्हणून कोणी घाबरणार नाही. ज्यांना सायकल येते त्यांनी सायकलवरून, बाकीच्यांनी पायी यावे. सर्वांत सावकाश चालणारीने पुढे राहावे.

येत्या वर्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत अशी एक शोधसहल घालावी, अशी सूचना मी मांडते. पहिली डबी मी देईन. आत काय ठेवीन ते मात्र आज सांगणार नाही; त्यासाठी आपणांस घराबाहेर पडावे लागेल.