प्रकाशाने जागी होणारी रंगद्रव्ये आणि कर्करोग

काही रंगद्रव्ये अंधारात शरीराला जवळजवळ निरुपद्रवी असतात. त्यांच्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश पडला आणि भोवती प्राणवायू असला, की तीच द्रव्ये पेशींचा जीव घेतात. अशा द्रव्यांना प्रकाशसंवेदक म्हणतात आणि त्यांच्या आधारे केल्या जाणाऱ्या कर्करोगोपचाराला फोटोडायनॅमिक थेरपी. द्रव्य, प्रकाश आणि प्राणवायू या तिन्हींची गाठ जिथे पडते तिथेच हा उपचार काम करतो. त्याचे सामर्थ्य त्यात आहे आणि त्याची मर्यादाही त्यातच आहे.

या ज्ञानाची सुरुवात म्युनिकमध्ये झाली. प्रा. हेर्मान फॉन टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब हा ॲक्रिडीन या रंगाचा पॅरामीशियम या एकपेशीय जीवावर होणारा परिणाम तपासत होता. तेवढ्याच द्रावणात हे जीव कधी लवकर मरत, कधी बराच काळ जगत. फरक द्रावणात नव्हता, खोलीतल्या उजेडात होता. १९०० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये टापायनर आणि त्यांचे सहकारी येझिओनेक यांनी त्वचेच्या गाठींवर इओसिन लावून त्यांना प्रकाश दिला आणि पुढच्याच वर्षी या क्रियेला प्राणवायू लागतो हेही दाखवले गेले. १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ यांनी रक्तातील हीमपासून मिळणारे हीमॅटोपोर्फिरिन २०० मिलिग्रॅम स्वतःलाच टोचून घेतले. उन्हात जाताच त्यांचा चेहरा आणि हात सुजले आणि उन्हाचा हा त्रास पुढे कित्येक आठवडे टिकला.

उपचार म्हणून या पद्धतीला भक्कम पाया दिला तो अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेचे थॉमस डोहर्टी यांनी. १९७८ मध्ये त्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींवरील अनुभव मांडला. त्यांपैकी १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या होत्या. त्यांनी वापरलेल्या, हीमॅटोपोर्फिरिनपासून बनवलेल्या द्रव्याचे शुद्ध रूप म्हणजे फोटोफ्रिन. त्याला १९९३ मध्ये कॅनडात मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि १९९५ मध्ये अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

प्रकाश शोषताच रंगद्रव्याचा रेणू उत्तेजित होतो. यातील काही रेणू अधिक काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत जातात आणि आपली ऊर्जा शेजारच्या प्राणवायूच्या रेणूला देतात. त्यातून अत्यंत क्रियाशील असा सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो. तो पेशीतील मेदद्रव्यांवर आणि प्रथिनांवर तुटून पडतो. पेशीची आवरणे आणि तिची ऊर्जाकेंद्रे निकामी होतात. त्याचे आयुष्य इतके अल्प असते, की एका पेशीची रुंदीही तो ओलांडू शकत नाही. म्हणून इजा होते ती रंगद्रव्य जिथे असेल तिथेच. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही बंद पडतात आणि मरणाऱ्या पेशींमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा सावध होते. प्रकाशाची मात्रा सौम्य असते; हा उपचार गाठ भाजून काढण्याचा नव्हे.

अन्ननलिकेच्या उपचारात फोटोफ्रिन शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम या प्रमाणात शिरेतून देतात आणि ४० ते ५० तास थांबतात. तेवढ्या वेळात निरोगी पेशींतून ते बरेचसे निघून जाते. गाठीतल्या वाहिन्या सच्छिद्र असतात आणि तिथला निचरा मंद असतो, त्यामुळे गाठीत ते रेंगाळते. मग दुर्बिणीच्या नळीतून बारीक काचतंतू आत सरकवून ६३० नॅनोमीटरचा लाल लेसर प्रकाश गाठीवर सोडला जातो.

त्यानंतर किमान महिनाभर रुग्णाने उन्हापासून आणि प्रखर दिव्यांपासून त्वचा व डोळे जपायचे असतात. नेहमीचे सनस्क्रीन इथे उपयोगी पडत नाही, कारण ते अतिनील किरण अडवते आणि हे द्रव्य तर दृश्य प्रकाशानेही जागे होते. तरीही पूर्ण काळोखात बसून राहायचे नसते. घरातल्या मंद उजेडाने त्वचेतले द्रव्य हळूहळू निष्प्रभ होत जाते.

त्वचेसाठी वेगळा मार्ग आहे. अमिनोलेव्हुलिनिक आम्ल हे स्वतः रंगद्रव्य नाही. त्वचेवर लावल्यावर पेशीच त्यापासून प्रोटोपोर्फिरिन हा प्रकाशसंवेदक बनवतात आणि बिघडलेल्या पेशींत तो जास्त साठतो. कर्करोगाची पूर्वावस्था मानल्या जाणाऱ्या, उन्हाने झालेल्या खरखरीत चट्ट्यांसाठी अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगासाठी युरोपने २००१ मध्ये मान्य केलेले टेमोपोर्फिन ६५२ नॅनोमीटरच्या प्रकाशाने काम करते. जपानने २०२० मध्ये मान्यता दिलेल्या औषधात तर कर्कपेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडालाच रंगद्रव्य जोडलेले आहे.

बावचीच्या बियांचा कोडावरील वापर आपल्याकडे जुना आहे. तिच्यातील सोरालेन हेही प्रकाशाने जागे होते, पण त्याची मुख्य क्रिया निराळी: अतिनील प्रकाशात ते पेशीच्या डीएनएला जखडते आणि त्यासाठी प्राणवायूची गरज नसते. त्वचेच्या लिम्फोमा या कर्करोगाच्या एका प्रकारात रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराबाहेर काढून त्यांच्यावर ही प्रक्रिया करतात आणि त्या परत सोडतात.

लाल प्रकाश ऊतींत काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर उतरतो. त्यामुळे मोठ्या, खोलवरच्या गाठी एरवी आवाक्याबाहेर राहतात आणि शरीरभर पसरलेल्या रोगाला हा उपचार पुरत नाही. गाठीत प्राणवायू कमी असला तरी परिणाम घटतो. याउलट त्वचा, तोंड, अन्ननलिका, श्वासनलिका अशा ठिकाणच्या उथळ रोगात तो मोलाचा आहे. व्रण सहसा कमी राहतो आणि गरज पडल्यास उपचार पुन्हा करता येतो. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांची जागा तो घेत नाही, त्यांना साथ देतो. रोग जितका उथळ तितका प्रकाश पुरेसा, म्हणून लवकर निदान सर्वांत महत्त्वाचे. तोंडातला पांढरा वा लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दोन-तीन आठवड्यांहून अधिक राहिली, तर ती डॉक्टरांना दाखवावीच.