चित्रातले सोने आणि तराजूतले सोने

(अर्नाळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अर्नाळ्याच्या मासळी बाजारात जाणते गिऱ्हाईक पापलेट हाती घेतल्यावाचून सौदा करीत नाही. ते बोटाने दाबून पाहिले जाते, मग कल्ला उघडला जातो आणि त्याचा रंग लाल आहे की फिका, यावर भाव ठरतो. विकणारी बाई मासळीवर पाणी मारते, वाळू धुऊन काढते, चांगला नग वर मांडते. यात कोणी लबाडी पाहत नाही. परंतु शिळ्या मासळीच्या कल्ल्याला कोणी रंग लावला, तर ती उघड फसवणूक ठरेल. कारण ज्या खुणेवर गिऱ्हाइकाने विसंबायचे, तीच खूण खोटी केली गेली. धुणे आणि रंगवणे यांतील हा भेद बाजारात कोणाला शिकवावा लागत नाही. मात्र छायाचित्र पाहून होणाऱ्या दागिन्यांच्या व्यापारात तो झपाट्याने पुसला जात आहे.

दागिन्यांचा विषय चैनीचा, त्यात समाजवादी कार्यकर्त्याने कशाला पडावे, असा आक्षेप येण्याचा संभव आहे. तो आक्षेप किनाऱ्यावरचे जीवन न पाहणाऱ्याचा आहे. मच्छीमार कुटुंबात सोने ही केवळ शोभा नव्हे. ती संकटकाळची शिल्लक आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, जाळ्यांची दुरुस्ती निघालेली, इंजिनाचे काम अडलेले आणि मुलांच्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या. अशा वेळी बाईच्या गळ्यातील दागिना पतपेढीत किंवा सावकाराच्या दारी जातो. तेथे त्याचे छायाचित्र कोणी पाहत नाही. तेथे वजन आणि कस, एवढेच पाहिले जाते. चित्रात ठसठशीत आणि भरीव दिसलेला दागिना तराजूत हलका किंवा कसोटीला हीन निघाला, तर ते नुकसान हौसेचे होत नाही. त्या घराच्या पावसाळ्याचे होते.

प्रथम हे छायाचित्र कसे तयार होते, ते समजून घेणे अवश्य आहे. अज्ञानातून केलेला निषेध फार काळ टिकत नाही. चकाकणारे सोने आरशासारखे असते. त्यात दिवा, कॅमेरा आणि छायाचित्रकाराचे कपडेदेखील उमटतात. जवळून टिपल्यावर बोटांचे ठसे आणि धुळीचे कण दिसतात. शिवाय इतक्या जवळून घेतलेल्या एकाच छायाचित्रात संपूर्ण दागिना स्पष्ट येत नाही. पुढचा मणी स्पष्ट आला, तर मागची कडी धूसर होते. म्हणून निरनिराळ्या अंतरांवर अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र जुळवतात, पार्श्वभूमी कापून पांढरी करतात, दिव्याच्या प्रकाशाने बिघडलेला रंग मूळ पदावर आणतात. १९९० साली फोटोशॉप बाजारात आले आणि पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल चालवणाऱ्या कुशल हातांचे काम पडद्यावर होऊ लागले. एवढ्यात गैर काही नाही. डोळ्याला जे दिसते आणि कॅमेऱ्याला जे पकडता येत नाही, ते चित्रात आणणे म्हणजे मासळी धुणे होय.

गैर सुरू होते ते यानंतर. फिक्या मुलाम्याला बावीस कॅरेटची झळाळी दिली जाते. एक स्वच्छ खडा निवडून त्याची प्रतिकृती इतर सर्व कोंदणांत बसवली जाते. खड्यातील डाग पुसून, त्यात नसलेले तेज भरले जाते. पातळ पत्र्याच्या कडांना छाया देऊन ते भरीव भासवले जातात. बोटभर नथ मोठी करून मुलीच्या चित्रावर चढवली जाते. ही सर्व कामे त्याच पडद्यावर, त्याच हत्यारांनी होतात. म्हणून हत्यारावरून दोष ठरवता येत नाही. कसोटी एकच आहे: केलेल्या बदलाने वस्तूचे वजन, कस, माप, रंग किंवा घडण याविषयी गिऱ्हाइकाचा समज बदलतो काय? बदलत असेल, तर तो बदल म्हणजे कल्ला रंगवणे होय. जो व्यापारी चित्रावर माल विकतो, त्याचे चित्र हाच त्याचा तराजू. तराजूची दांडी मारणाऱ्याला समाजाने कधी कलावंत म्हटले नाही.

यावर उत्तर दिले जाते की, जाहिरात म्हटली की अतिशयोक्ती आलीच आणि हे सर्वांना ठाऊक असते. खरोखर सर्वांना ठाऊक असेल, तर तक्रारीस जागा नाही. नारळीपौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला सोन्याचा नारळ अर्पण करतात. तो नारळ सोनेरी वेष्टनाचा असतो, हे अर्पण करणाऱ्याला ठाऊक असते, पाहणाऱ्यांना ठाऊक असते. त्या सोन्याने कोणाची फसवणूक होत नाही. ते श्रद्धेचे सोने आहे. मुलाम्याचा दागिना मुलामा म्हणून विकला, तर तोही तितकाच प्रामाणिक आहे. गरीब घरच्या मुलीला लग्नात मिरवण्याचा हक्क आहे आणि तो स्वस्त दागिन्याने भागत असेल, तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु विक्रीचे चित्र या जातीचे नसते. ‘हे असेच आहे’ असा दावा त्यात गृहीत असतो आणि गिऱ्हाईक त्या दाव्यासाठीच पैसे मोजते. दावा करताना सत्याचे मोल घ्यायचे आणि जाब विचारला की अतिशयोक्तीच्या आड लपायचे, हा दुटप्पीपणा आहे.

या व्यवहारात दुसराही एक बळी आहे आणि त्याच्याकडे ग्राहक चळवळीचेही लक्ष क्वचित जाते. तो म्हणजे दागिना घडवणारा कारागीर. पालघर जिल्ह्यात चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरणारे हात आहेत. वसई-विरारच्या आणि मालाडच्या वस्त्यांत बायका घरी बसून नगावर मणी ओवतात, खडे चिकटवतात. हाताने घडलेल्या वस्तूवर हाताची खूण राहतेच: डाकाचा बारीक ठिपका, दोन पाकळ्यांतील किंचित फरक, तारेचा नकळत वाक. संगणकावर प्रथम या खुणा पुसल्या जातात. मग निर्दोष चित्राला सरावलेले गिऱ्हाईक प्रत्यक्ष वस्तूत तोच निर्दोषपणा शोधते, न मिळाल्यास ती परत करते आणि परतीचा भुर्दंड उतरत उतरत ओवणाऱ्या बाईच्या मजुरीवर येण्याचा धोका राहतो. चित्रातून श्रमाची खूण पुसणे ही श्रमाचे मोल पुसण्याची पहिली पायरी आहे. १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली, तेव्हाही साठेबाजाच्या तिजोरीआधी सोनाराची भट्टी थंड पडली होती. सोन्याच्या व्यवहारात चूक कोणाचीही असो, तिची किंमत कारागिरावर ढकलली जाते, हा अनुभव जुना आहे.

तेव्हा दोष कोणाचा? पडद्यासमोर बसून नगावर छायाचित्रे दुरुस्त करणाऱ्या तरुणाला एकट्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याला काम नाकारण्याचे स्वातंत्र्य कितपत आहे, हे त्याच्या घरभाड्यावर ठरते. मात्र म्हणून त्याची विवेकबुद्धी मालकाकडे गहाण पडली, असेही मानता येत नाही. नसलेला खडा बसवण्याचा हुकूम आला, तर ‘हे लेखी द्या’ म्हणण्याइतके बळ त्याच्या पाठीशी उभे करणे, हे संघटनेचे काम आहे. एकट्याची नीती नोकरी घालवते. संघटित नीती नियम घडवते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या अॅपवर कोणालाही तपासता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि केंद्रीय प्राधिकरणाला त्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत, पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करता येतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणांशी जुळणारी असली पाहिजे आणि जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तरीही दोन फटी उरतात. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि गरिबाची खरेदी बहुधा तेथेच असते. मुलाम्याच्या दागिन्याला तर हॉलमार्क नाहीच. तेथे चित्र हाच एकमेव पुरावा राहतो. जाहिरातीतील मानवी देहाचे रूप बदलले असेल, तर तसे छापण्याची सक्ती फ्रान्सने २०१७ पासून आणि नॉर्वेने २०२२ पासून केली. विक्रीच्या वस्तूबाबत तशीच मागणी येथे करण्यास काय हरकत आहे?

ग्राहकाचा प्रश्न हा डाव्या चळवळीला परका नाही. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तो लढा ग्राहकांचाच होता. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्या वेळी प्रश्न भावाचा, मापाचा आणि भेसळीचा होता. आजची भेसळ डब्यात नाही, चित्रात आहे.

परंतु दुसऱ्याच्या चित्राला नावे ठेवणाऱ्याने स्वतःचे चित्र तपासले पाहिजे. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन भाषण करीत असता मंचाच्या पायऱ्यांवर ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह उभे होते. स्टालिनच्या काळात ते दोघेही त्या छायाचित्रातून नाहीसे झाले. क्रांतीच्या नावाने उभ्या राहिलेल्या सत्तेने माणसे चित्रातून पुसली आणि जिवंत माणसेही पुसली. लोकशाही समाजवाद्यांनी ही गोष्ट कधी विसरू नये. सभेला शंभर माणसे आली असता छायाचित्रात पाचशे दाखवण्याचा मोह कोणत्याही पक्षाला होऊ शकतो, आणि आज तर ते काम काही क्षणांचे आहे. तो मोह ज्याला आवरत नाही, त्याला सराफाच्या चित्राबद्दल बोलण्याचा अधिकार उरत नाही.

करावयाचे काम मोठे नाही, पण नेटाने करावे लागेल. बचत गटांच्या बैठकांत हॉलमार्कच्या खुणा आणि क्रमांक तपासण्याची रीत शिकवावी. दागिन्याच्या प्रत्येक विक्री-चित्राशेजारी वजन, कस आणि माप लिहिलेले असावे आणि हातावर ठेवून घेतलेले, न बदललेले दुसरे छायाचित्र असावे, ही मागणी लावून धरावी. फसवणुकीची तक्रार लिहून देण्यास शाखेचा एक कार्यकर्ता ठरलेल्या दिवशी उपलब्ध असावा. घरकाम करणाऱ्या बायकांच्या मजुरीतून परत आलेल्या मालाची कपात होऊ नये, यासाठी त्यांची संघटना बांधावी.

गिऱ्हाइकाला कल्ला उघडून पाहण्याचा जो हक्क मासळी बाजारात आहे, तोच दागिन्याच्या बाजारात मिळवून देणे, एवढाच या मागणीचा अर्थ आहे.