जागेचा भाव कसा पारखावा?



तालुक्याच्या गावाला नवा रस्ता होणार अशी नुसती कुणकुण लागली, की आसपासच्या जागांचे भाव चढू लागतात. दलाल दारी येतात. निवृत्तीला आलेले गुरुजी फंडाची रक्कम डोळ्यांपुढे ठेवून विचारात पडतात. सोयाबीनचे दोन पैसे गाठीला असलेला शेतकरीही विचारात पडतो. "जमीन कधी बुडत नाही" हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्यापुढच्या तुकड्यापुरते ते खरे आहे का, हे पारखायला संख्याशास्त्र उपयोगी पडते. नाव ऐकून बिचकू नका. शाळेतले गणित त्याला पुरते.

पहिला प्रश्न असा, की भाव धरायचा कोणता? समजा, एका गावालगत वर्षभरात पाच प्लॉट विकले गेले. गुंठ्याचे भाव पडले अडीच लाख, तीन लाख, तीन लाख, साडेतीन लाख, आणि चौकातल्या एका प्लॉटाचा तेरा लाख. बेरीज २५ लाख, सरासरी ५ लाख. दलाल म्हणणार, "इथला भाव पाचाचा आहे." आता बघा, पाचांपैकी चौघांनी साडेतीन किंवा त्याहून कमीच दिले. एका चौकातल्या प्लॉटाने सगळी सरासरी वर ओढली. हेच आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला, तर तो येतो ३ लाख. शाळेच्या पुस्तकात यालाच मध्यक म्हटले आहे. जागेच्या व्यवहारात सरासरीपेक्षा हा मध्यकच अधिक खरे बोलतो.

हे आकडे आणायचे कोठून? पारावरून नव्हे. नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीखताचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये असतो. तो दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात किंवा नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतो. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेला असतो; तोच बाजारभाव असे समजू नये. शिवाय दस्तात लिहिलेली रक्कम आणि हातोहात दिलेली रक्कम पुष्कळदा वेगळी असते, हेही ध्यानात ठेवावे. आणि दोन-तीन व्यवहारांवरून निष्कर्ष काढू नये. निदान चार-पाच वर्षांचे व्यवहार पाहावेत.

दुसरा प्रश्न काळाचा. "वीस वर्षांपूर्वी दोन लाखांना घेतली, आज दहा लाखांना गेली!" ऐकणारा म्हणतो, पाचपट! चक्रवाढीने हिशेब केला, तर हा दर वर्षाला सुमारे ८.४ टक्के पडतो. त्या काळात महागाई दरसाल साडेसहा टक्क्यांनी वाढली असे धरले, तर तेव्हाचे दोन लाख म्हणजे आजचे सात लाख. म्हणजे खरी वाढ सातावरून दहावर. दरसाल दोन टक्क्यांहूनही कमी. मुद्रांक, नोंदणी, दलाली आणि कुंपण यांचा खर्च यातून अजून वजा व्हायचा आहे.

हॉलंडमधल्या ॲम्स्टरडॅम शहरात हेरनग्राख्त नावाचा कालवा आहे. त्याच्या काठच्या घरांचे १६२८ ते १९७३ पर्यंतचे व्यवहार पीट आइकहोल्ट्झ या अभ्यासकाने तपासले. त्याने एका घराची दुसऱ्या घराशी तुलना केली नाही. तेच घर पुन्हा विकले गेले तेव्हा भाव किती बदलला, एवढेच पाहिले. महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांच्या काळात किमती जेमतेम दुप्पट झालेल्या आढळल्या. जपानात तर १९९१ नंतर देशभरच्या जमिनीचा सरासरी भाव सलग पंधरा वर्षे उतरत गेला. "कधी बुडत नाही" हे वाक्य तिथेही लोक म्हणतच होते.

तिसरा प्रश्न उत्पन्नाचा. चाळीस लाखांच्या घराला महिना दहा हजार भाडे येत असेल, तर वर्षाचे झाले एक लाख वीस हजार, म्हणजे ३ टक्के. घरपट्टी व डागडुजी वजा जाता त्याहूनही कमी. मग कर्ज काढून, नऊ टक्के व्याज भरून ते घर घेणारा माणूस केवळ पुढच्या भाववाढीच्या भरवशावर बसलेला असतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्याला नफा झाला तो चहाच्या टपरीवर सांगतो. ज्याला तोटा झाला तो गप्प बसतो. आणि ज्या प्लॉटाला दहा वर्षे गिऱ्हाईकच मिळाले नाही, त्याची नोंद कोणत्याच सूचीत नसते. म्हणून किती भावाला विकले गेले याबरोबरच, किती विकायला निघाले आणि किती पडून राहिले, हेही विचारावे. मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला पैसा लागेल तेव्हा कागदावरचा भाव उपयोगी पडत नाही, गिऱ्हाईक लागते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मध्यक शिकवताना पुस्तकातल्या उदाहरणाबरोबर आपल्याच गावच्या व्यवहारांचे आकडे फळ्यावर मांडा. मुले घरी जाऊन ते वडिलांना सांगतील, आणि एखाद्या घरची आयुष्यभराची पुंजी त्यामुळे वाचेल.

जमीन घेऊ नका, असे माझे म्हणणे नाही. राहायला घर आणि कसायला रान हवेच. पण पैसा गुंतवायचा म्हणून घेत असाल, तर ऐकावे जनाचे, आणि सही करण्यापूर्वी हिशेब करावा आपल्या हाताने.