शब्दाचे वजन



एका होतकरू तरुणासाठी आम्ही इंग्रजीत शिफारसपत्र लिहिले. ‘याची मनोवृत्ती उत्तम आहे’ एवढेच सांगायचे होते. कोश उघडला आणि ‘मेंटॅलिटी’ लिहून मोकळे झालो. टपालात टाकण्यापूर्वी एका जाणत्या स्नेह्याने ते वाचले म्हणून बरे! मराठीत मनोवृत्ती चांगली असते, वाईटही असते. इंग्रजीत ‘मेंटॅलिटी’ म्हटले की बहुधा नाक मुरडलेले असते. तेथे हवा होता ‘ॲटिट्यूड’.

हा शब्द मुळात कलावंतांचा. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला तो चित्रातील वा मूर्तीतील देहाची ठेवण सांगण्यासाठी. मनाची ठेवण हा अर्थ मागाहूनचा. मूर्ती कोणाकडे तरी तोंड करून उभी असते, तसा हा शब्दही: ‘ॲटिट्यूड टु वर्क’ किंवा ‘टोवर्ड्‌स वर्क’. शिवाय ‘गुड’, ‘बॅड’ असे विशेषण त्याला हवे. नुसते ‘ही हॅज ॲटिट्यूड’ लिहाल, तर आजकाल त्याचा अर्थ ताठा असा होतो.

श्रोतेहो, कोश शब्द देतो. त्याचे वजन वाचनातूनच कळते. आमच्या एका शब्दाने त्या मुलाची नोकरी हुकली असती, आणि का हुकली, हे त्याला कधीच कळले नसते.